पोटात चाकू लागलेला पेशंट : लगेच ऑपरेशन, की थांबून तपासणं?

खाडीकाठ (धागाकर्ता)

पोटात चाकू लागलेला माणूस कॅज्युअल्टीत आला की बरोबरची माणसं आधी विचारतात, "डॉक्टर, किती खोल गेलाय?" आणि लगेच, "ऑपरेशन कधी करताय?" ठाण्यात आणि नवी मुंबईत सर्जन म्हणून काम करताना हे प्रश्न सारखे कानावर येतात. रात्री दोन वाजता ट्रॉलीशेजारी उभं राहून त्यांची पुरती उत्तरं देता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

किती खोल, हे बाहेरून कळत नाही. बोटाच्या पेराएवढ्या जखमेखाली आतड्याला तीन भोकं असू शकतात आणि वीतभर चिरलेल्या पोटात फक्त कातडी आणि चरबी कापलेली असू शकते. पात्याच्या लांबीवरही जाऊ नका. मूठ पोटावर आदळली की पोट आत दबतं, त्यामुळे आखूड पातंही स्वतःच्या लांबीपेक्षा खोल पोचतं.

आणि पोट म्हणजे फक्त बेंबीभोवतीचा भाग नव्हे. आपण श्वास सोडतो तेव्हा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, छातीत चौथ्या-पाचव्या बरगडीच्या पातळीपर्यंत वर चढतं. म्हणजे पुढून स्तनाग्रांच्या रेषेखाली आणि मागून खांद्याच्या फऱ्याच्या टोकाखाली घुसलेला चाकू छातीत लागला असं दिसलं, तरी यकृत, प्लीहा किंवा जठर गाठू शकतो. ढुंगणावरचा वारही आत मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत जाऊ शकतो. म्हणून आम्ही पेशंटचे सगळे कपडे काढतो, त्याला कुशीवर वळवून पाठ बघतो, काखा आणि जांघा बघतो. समोरच्या मोठ्या जखमेत सगळे गुंतलेले असताना पाठीवरची बारीक जखम कुणी पाहिलीच नाही, असं व्हायला वेळ लागत नाही.

तीन गोष्टींपैकी एक जरी दिसली तरी पेशंट थेट ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जातो. एक, शॉक : नाडी धावतेय, बीपी पडलंय, अंग गार आणि घामेजलेलं. दोन, पोटाचं अस्तर चिडल्याची खूण : पोट फळीसारखं कडक, जखमेपासून लांब हात लावला तरी पेशंट कळवळतो. तीन, जखमेतून आतडं बाहेर आलेलं. अशा वेळी सीटी स्कॅनला पाठवणं म्हणजे हातातली मिनिटं घालवणं. शिरेत दोन जाड सुया, रक्तगट आणि क्रॉसमॅच (द्यायचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघणं), अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन, हे सगळं ओटीच्या वाटेवर होतं.

यातलं काहीच नसेल तर? ढोबळमानाने पोटावरच्या चाकूच्या वारांपैकी एक तृतीयांश पोटाच्या पोकळीपर्यंत पोचतच नाहीत. एक तृतीयांश आत शिरतात, पण ऑपरेशन लागेल असं काही कापत नाहीत. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याला ऑपरेशन हवंच असतं. सगळ्यांचं पोट उघडलं तर तीनातल्या दोघांना विनाकारण मोठी चीर, पुढे आतडी चिकटण्याचा आणि हर्नियाचा धोका. कुणाचंच उघडलं नाही तर तिसरा जातो. तो तिसरा कोण, हे वेळेत ओळखणं म्हणजे आमचं काम. बाकी सगळं त्यासाठी.

---

वागळेकर

डॉक्टर, धाग्याबद्दल आभार. माझ्या धाकट्या भावाला भांडण सोडवायला गेल्यावर बेंबीच्या डाव्या बाजूला चाकू लागला. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. रात्रभर त्याला उपाशी ठेवलं, पाणीसुद्धा नाही. दर थोड्या वेळाने कुणीतरी यायचं, पोट दाबायचं, कागदावर लिहायचं आणि निघून जायचं. आम्ही सगळे पॅसेजमध्ये. कोणी काही सांगेना. आई म्हणत होती, पैशांसाठी थांबलेत का विचार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेज दिली, तिसऱ्या दिवशी घरी. भाऊ ठणठणीत आहे. पण ते नक्की काय चाललं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

---

खाडीकाठ

वागळेकर, तुमच्या भावावर उपचारच चालले होते, आणि तुमच्या सांगण्यावरून तरी नीट चालले होते. ते तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं, हे मात्र शंभर टक्के खरं.

चाकूने लहान आतड्याला भोक पडलं तर पहिल्या तासात पोट अगदी मऊ असू शकतं. आतला स्राव बाहेर झिरपतो, अस्तर चिडतं, मग दुखणं जखमेपासून पसरत सगळ्या पोटात जातं, नाडी वाढते, ताप येतो. हे बहुतेकांमध्ये बारा तासांच्या आत आणि जवळजवळ सगळ्यांमध्ये चोवीस तासांच्या आत उघड होतं. म्हणून चोवीस तास ठेवायचं. उपाशी अशासाठी, की कधीही ओटीत न्यावं लागलं तर भूल देताना जठर रिकामं हवं. दाबायचं अशासाठी, की मघाशी जिथे दुखत नव्हतं तिथे आता दुखतंय का हे कळावं. शक्यतो दर वेळी त्याच डॉक्टरने तपासावं. हात बदलला की तुलना बिघडते. ड्यूटी बदलताना जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने एकत्र पलंगापाशी उभं राहून पोट तपासायचं, मी माझ्या रेसिडेंटकडून हे करवून घेतोच.

---

कोपरीकर

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हे "थांबून बघू" सरकारी दवाखान्यात ओटी रिकामी नसते म्हणून सुरू झालं असेल, असं मला वाटायचं. खासगीत दाखवलं असतं तर लगेच ऑपरेशन केलं असतं, असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं.

---

खाडीकाठ

राग कसला, विचारायलाच हवं. महायुद्धांच्या अनुभवावरून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नियम सरळ होता : पोटात वार, की पोट उघडा. 1960 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले सर्जन जेराल्ड शाफ्टन यांनी मांडलं, की पेशंटची लक्षणं बघून ठरवा, नुसती जखम बघून नको. त्या वेळी हे धाडसाचंच होतं. पुढे जोहान्सबर्गच्या बारागवानाथ हॉस्पिटलात, जिथे चाकूचे वार रोजचेच, डिमेट्रिआडिस आणि रॅबिनोविट्झ यांनी 651 पेशंटचा अभ्यास 1987 मध्ये छापला. त्यातल्या 345 जणांची लक्षणं स्पष्ट होती, त्यांचं लगेच ऑपरेशन झालं. उरलेल्या 306 जणांना नुसतं तपासत ठेवलं. त्यांतल्या फक्त 11 जणांना नंतर ऑपरेशन लागलं, आणि त्या 306 मधलं कुणीही दगावलं नाही.

म्हणजे पोट न उघडण्याला पुरावा आहे. एक अट मात्र आहे आणि ती मी कधीच सोडणार नाही : तपासणारा हात रात्रभर हजर हवा आणि ओटी अर्ध्या हाकेवर हवी. हे नसेल तिथे पेशंटला "ऑब्झर्व्हेशन"ला ठेवणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. सर्जन सकाळी राउंडला येणार असेल तर पेशंटला रात्रीच पुढे पाठवा.

---

रेसिडेंट_कळवा_खाडीपलीकडे

सर, जखम उघडून बघण्याबद्दल मी लिहू का? नातेवाइकांना वाटतं आम्ही बोट घालून खोली मोजतो. तसं नाही. बोट किंवा सळई घालून काहीच कळत नाही, आणि बंद झालेलं रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं.

पोटाच्या पुढच्या भागातली जखम असेल आणि पेशंट स्थिर असेल, तर जागा बधिर करून जखम थोडी मोठी करतो. दोन्ही बाजूंनी कडा ओढून धरायला एक जण, दिवा वरून, सक्शन हातात. कातडी, मग पिवळी चरबी, ती बाजूला केली की तळाशी पांढरट, चिवट, चमकणारं आवरण दिसतं. स्नायूंवरचं हे आवरण अखंड आहे असं डोळ्यांनी दिसलं, तर चाकू पोटात गेलेला नाही. जखम धुऊन टाके घालतो, आणि दुसरं काही नसेल तर पेशंट घरी जाऊ शकतो. आवरणाला चीर दिसली तर तो चोवीस तासांसाठी दाखल. चीर दिसली म्हणून लगेच पोट उघडायचं असंही नाही.

जाड पेशंटमध्ये हे फार कठीण जातं. चरबीत चाकूची वाट तिरकी गेलेली असते, स्नायू सरकलेले असतात, तळ सापडत नाही. सापडला नाही तर "सापडला नाही" असंच केसपेपरवर लिहायचं आणि पेशंटला दाखल करायचं, हे सरांनी शिकवलंय. बरगड्यांवरची जखम तर अशी उघडायचीच नाही, फुप्फुसाभोवती हवा शिरते.

---

सोनोग्राफी_रूम

रेडिओलॉजिस्ट आहे. "सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणजे सगळं ठीक ना?" या प्रश्नाचं उत्तर इथे देते.

कॅज्युअल्टीत आम्ही जी झटपट सोनोग्राफी करतो, तिला फास्ट म्हणतात. चार जागा : यकृत आणि उजव्या किडनीच्या मध्ये, प्लीहा आणि डाव्या किडनीच्या मध्ये, ओटीपोटात मूत्राशयामागे, आणि हृदयाभोवती. शोधायचं एकच, साचलेलं रक्त. बीपी पडलेल्या पेशंटमध्ये ते दिसलं तर निर्णय पक्का होतो. हृदयाभोवती दिसलं तर चाकू पोटातून वर गेलाय हे कळतं आणि सर्जनची पहिली चीर कुठे द्यायची तेच बदलतं. पण आतड्याच्या भोकातून सुरुवातीला चमचाभर द्रव येतो, तो यात दिसत नाही. त्यामुळे चाकूच्या जखमेत नॉर्मल फास्टवर पेशंटला घरी पाठवता येत नाही.

सीटी स्कॅन कूस आणि पाठीच्या जखमांमध्ये फार उपयोगी. तिथे किडनी, मोठ्या आतड्याचा मागचा भाग, मोठ्या रक्तवाहिन्या असतात, आणि तिथली इजा पोट दाबून लवकर कळत नाही. पण आतड्याचं बारीक भोक आणि श्वासपटलाची चीर सीटीमध्येही निसटू शकते.

एक्स-रेत श्वासपटलाखाली हवा दिसली की एरवी आतडं फुटलं असं आपण म्हणतो. चाकूच्या जखमेत मात्र हवा बाहेरून जखमेवाटेही आत गेलेली असू शकते, म्हणून एकट्या हवेवरून निकाल देता येत नाही.

---

रात्रपाळी

सर्जिकल वॉर्डला सिस्टर आहे. डॉक्टर येतात आणि जातात, पलंगापाशी रात्रभर आम्ही असतो, म्हणून थोडं लिहिते.

बीपी शेवटी पडतं. तरुण मुलाचं तर फारच शेवटी. रक्ताचा तिसरा हिस्सा जाईपर्यंत वरचा आकडा चांगला दिसू शकतो. मी नाडीचा कागद बघते. दहा वाजता 84, बाराला 92, दोनला 104. प्रत्येक आकडा एकेकटा बघितला तर घाबरण्यासारखं काही नाही, पण ओळीने वाचले की कळतं. लघवीच्या पिशवीवर दर तासाला खूण करते, मोठ्या माणसाची तासाला साधारण तीस मिलीच्या खाली गेली की फोन.

आणि काही गोष्टी कागदावर येत नाहीत. मघाशी शिव्या देणारा पेशंट एकाएकी गप्प झाला. कुशीवर वळायला नको म्हणतो, पाय पोटाशी घेऊन निपचित पडून राहतो. खोकला दाबून धरतो. सारखं पाणी मागतो. चादर सरळ करताना पलंगाला धक्का लागला तरी तोंड वाकडं करतो. यातलं काही दिसलं की सकाळच्या राउंडची वाट न बघता मी रजिस्ट्रारला उठवते.

नातेवाइकांना हात जोडून विनंती : लपवून पाणी, चहा, नारळपाणी देऊ नका. तुमची माया कळते. ओल्या कापसाने ओठ पुसा, तेवढं चालतं.

---

वागळेकर

सिस्टर, धन्यवाद. भावाच्या खोलीतल्या सिस्टर रात्री चार वेळा येऊन बोलून गेल्या होत्या, ते आता कळतंय.

एक विचारायचं होतं. त्याला वेदनाशामक द्यायला उशीर झाला. "लक्षणं झाकली जातात" असं सांगितलं गेलं. हे बरोबर आहे का?

---

खाडीकाठ

जुनी समजूत आहे. वेदनाशामक बेताने दिलं तर निदान चुकत नाही असं अभ्यासांतून दिसलंय. उलट पेशंट शांत असला की पोट जास्त चांगलं तपासता येतं. कळवळत ठेवायचं काही कारण नाही.

खरी अडचण असते दारूची. रात्रीच्या मारामारीतला पेशंट प्यायलेला असेल, डोक्यालाही मार असेल, किंवा नळी घालून व्हेंटिलेटरवर असेल, तर त्याचं पोट आपल्याला खरं सांगत नाही. तिथे नुसतं दाबून बघण्यावर विसंबून चालत नाही, सीटीचा किंवा बारीक छिद्रातून दुर्बीण घालून पोटात बघण्याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

---

नेरूळ_सेक्टर

माझ्या चुलतभावाला काही वर्षांपूर्वी डाव्या बाजूला, खालच्या बरगड्यांमध्ये चाकू लागला होता. एका ठिकाणी टाके घालून घरी सोडलं, वरवरची जखम आहे म्हणाले. आता जेवल्यावर दम लागतो, डाव्या छातीत गुरगुरतं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, श्वासपटलात हर्निया आहे, आतडं छातीत गेलंय. याचा त्या जखमेशी संबंध असू शकतो का?

---

खाडीकाठ

तुमच्या भावाला तपासल्याशिवाय त्याच्याबद्दल मी बोलणार नाही. पण असा संबंध असू शकतो, आणि शस्त्रक्रियेत तो शेकडो वर्षांपासून माहीत आहे. फ्रेंच सर्जन आंब्रोआज पारे यांनी सोळाव्या शतकातच याची नोंद केली आहे.

श्वासपटलाला पडलेली चीर आपोआप सहसा भरून येत नाही. ते सतत वरखाली हालत असतं, आणि छातीतला दाब पोटापेक्षा कमी असल्याने पोटातल्या गोष्टी वर ओढल्या जातात. उजवीकडे यकृताचा आडोसा असतो. डावीकडे तसा नाही, जठर, मोठं आतडं किंवा चरबीची झालर हळूहळू त्या फटीतून वर सरकते. महिने जातात, वर्षंही जातात, पेशंटला काही कळत नाही. मग एक दिवस आतडं तिथे अडकतं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि तेव्हा जिवावर बेततं.

म्हणून डाव्या खालच्या छातीवरचा वार हा माझ्या मते सगळ्यांत फसवा. पेशंट हसतोय, पोट मऊ आहे, सीटी नॉर्मल आहे, तरीही काही तास लक्ष ठेवून मग दुर्बिणीने आत जाऊन डावं श्वासपटल डोळ्यांनी बघावं, असं मी सांगतो. चीर सापडली तर त्याच बैठकीत शिवता येते. भूल आणि दोन-तीन बारीक छिद्रं, एवढ्यात पुढचं संकट टळतं. यासाठी नातेवाइकांची संमती मिळवताना सगळ्यांत जास्त बोलावं लागतं, कारण समोर पेशंट ठणठणीत दिसत असतो.

तुमच्या भावाला आतड्याचं अडकणं होण्याआधी ऑपरेशनचा सल्ला मिळाला असेल तर पुढे ढकलू नका. छातीत जोरात कळ, उलट्या, शौच आणि वारा बंद, असं झालं तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, आणि जुन्या चाकूच्या जखमेबद्दल तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा.

---

एकशेआठ_वर

मी 108 च्या गाडीवर काम करतो. घटनास्थळी जे बघतो ते सांगतो.

चाकू शरीरात रुतलेला असेल तर ओढू नका. आत कापलेली रक्तवाहिनी त्याच पात्याने दाबली गेलेली असू शकते. दोन्ही बाजूंनी कापडाच्या जाड घड्या लावून तो हलणार नाही असा बांधा. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका. स्वच्छ कापड स्वच्छ पाण्याने भिजवून त्यावर ठेवा, ते सुकू देऊ नका. पाठीवर झोपवून गुडघे वाकवले की पोट सैल पडतं. हळद, चहा पावडर, चुना यांतलं काहीही जखमेवर नको. अंगावर चादर घाला, कारण अंग गार पडलं की रक्त गोठत नाही.

वार कधी झाला ती वेळ लक्षात ठेवा. रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून डॉक्टर विचारतातच.

जवळच्या बारक्या नर्सिंग होमला नेऊन "आधी ड्रेसिंग करून घेऊ" असं करू नका. तिथे पाऊण तास जातो, मग संध्याकाळी घोडबंदर रोडला अडकलो की आणखी किती जातील सांगता येत नाही. सर्जन, ओटी आणि रक्त तिन्ही एका छपराखाली असलेल्या ठिकाणी जायचं. फोन करून आधी कळवलं तर कॅज्युअल्टी तयार राहते.

---

खाडीकाठ

याला जोडून : गाडीत सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवणं हिताचं नाही. 1994 मध्ये ह्यूस्टनचा अभ्यास छापला गेला, धड भेदणाऱ्या जखमांच्या 598 पेशंटचा. ज्यांना ओटीत जाईपर्यंत सलाईन रोखून धरलं त्यांच्यातले 70 टक्के वाचले, सुरुवातीपासून भरपूर दिलेल्यांतले 62 टक्के. सलाईनने बीपी वर चढतं, गुठळी निसटते, उरलेलं रक्त पातळ होतं. पेशंट बोलतोय, मनगटाची नाडी लागतेय, एवढं बीपी ओटीपर्यंत पुरतं. डोक्याला मार असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही.

---

कोर्टनाका

वकील आहे, माझ्या बाजूचं थोडक्यात. "पोलीस केस आहे, आधी पोलीस स्टेशनला जा" असं कोणताही डॉक्टर म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्ये सांगितलंय, आधी जीव, कायद्याची प्रक्रिया नंतर. एमएलसी (मेडिको-लीगल केस) हॉस्पिटल नोंदवतं, पोलिसांना कळवणं त्यांचं काम.

कपडे धुऊ नका, फेकू नका. डॉक्टर लोकांनाही विनंती, शर्ट कापताना चाकूच्या भोकातून कात्री चालवू नका, बाजूने कापा. ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये कुजतात, वाळवून कागदात बांधलेले बरे. जखम उघडायच्या आधी तिची जागा, लांबी, कडा कशा आहेत हे लिहून ठेवलं नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 109 खाली खुनाच्या प्रयत्नाचा खटला उभा राहतो तेव्हा सर्जनने मोठी केलेली जखम आणि मूळ जखम यांत फरक सांगता येत नाही.

---

रेसिडेंट_कळवा_खाडीपलीकडे

हे शेवटचं महत्त्वाचं आहे, रात्री घाईत राहून जातं. उद्यापासून आमच्या ट्रेमध्ये मोजपट्टी ठेवतो.

---

वागळेकर

डॉक्टर, एकच शेवटचं. चोवीस तास बरे गेले, घरी सोडलं. मग घरी काय बघायचं?

---

खाडीकाठ

पोटातलं दुखणं जखमेपुरतं राहतंय आणि रोज कमी होतंय, तर ठीक. दुखणं पसरलं, ताप आला, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, शौच-वारा बंद झाला, लघवीतून किंवा शौचातून रक्त गेलं, उभं राहिल्यावर घेरी आली, किंवा खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं, तर जवळच्या दवाखान्यात न जाता जिथे दाखल होता तिथल्याच कॅज्युअल्टीत या. डिस्चार्ज कार्ड बरोबर आणा, त्यावर जखम कुठे होती आणि आवरण कापलेलं होतं की नाही हे लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या.